व्होल्टेज कमी की न्यूट्रल तुटलेला?

दिवे मंद झाले की आपण ‘आज व्होल्टेज नाही’ म्हणतो आणि स्टॅबिलायझरवर भरवसा ठेवतो. पण मंद दिव्यामागे दोन वेगळी कारणे असू शकतात, आणि त्यातल्या एकात स्टॅबिलायझरही जळतो.

खरोखर व्होल्टेज कमी असते तेव्हा २३० चे १८०-१९० होतात. लाईनच्या टोकाच्या वाड्यांवर एप्रिल-मेच्या रात्री एसी सुरू झाले की हे होते; लोड उतरला की व्होल्टेज चढते. २००० वॅटचा गिझर १९० व्होल्टवर साधारण १३६५ वॅटच घेतो, म्हणजे पाणी उशिरा तापते, एवढेच. त्रास फ्रीजला. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, १८० वर तो ६१ टक्क्यांवर येतो. कॉम्प्रेसर सुरू होत नाही, भरमसाट करंट ओढतो आणि त्याचा ओव्हरलोड स्विच ‘टक्’ करून वीज तोडतो. काही मिनिटांनी पुन्हा तेच. हा आवाज आला तर फ्रीज बंद ठेवा. स्टॅबिलायझर उपयोगी पडतो तो इथे.

न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी सामाईक तार, तुटला किंवा सैल झाला की गोष्ट उलटी होते. पावसात माडाचे चुडत तारेवर पडते. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेत तांबे-अ‍ॅल्युमिनियमचा थेट जोड कुजतो. मग थ्री-फेज पुरवठ्यातल्या दोन फेजवरची (वीज आणणाऱ्या तारांवरची) उपकरणे ४०० व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखी होतात. समजा एका फेजवर १००० वॅटची इस्त्री आणि दुसऱ्यावर १०० वॅटचा बल्ब आहे. इस्त्रीला जेमतेम ३६ व्होल्ट मिळतात, बल्बवर ३६४! लोड कमी असलेल्या फेजवरची उपकरणेच जळतात, आणि टीव्ही, राउटर, चार्जर बहुधा तिच्यावरच असतात. चार्जरमधला कपॅसिटर सहसा ४०० व्होल्टचा असतो. ३०० व्होल्ट एसीचे शिखरच ४२४ होते. एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण तो करंट पाहतो, व्होल्टेज नाही. आरसीसीबीवरही (विजेची गळती पकडणाऱ्या स्विचवरही) विसंबू नका.

ओळख सोपी: एक खोली मंद आणि दुसरी झगझगीत, किंवा तुमचे दिवे मंद आणि शेजारचे पंखे सुसाट. असे दिसताच मेन स्विच पाडा, प्लग काढा, वीज खात्याला १९१२ वर कळवा.

शंका उरली तर वायरमनकडून तपासून घ्या. नाजूक उपकरणांचे प्लग काढून, मल्टिमीटर ७५० व्होल्ट एसीवर ठेवून तिन्ही फेज न्यूट्रलशी मोजाव्यात आणि गिझर दोन-चार सेकंद लावावा. त्याची फेज उतरली आणि बाकीच्या जवळपास जागेवर राहिल्या, तर लाईन कमजोर. एक उतरताना दुसरी चढली, तर न्यूट्रल सैल.

थ्री-फेज घरात मेननंतर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवाच: वर २६५, खाली १७५, पुन्हा जोडायला ३ मिनिटे. न्यूट्रल गेला म्हणून कोणी अर्थिंगची तार वापरून दिवे लावून देत असेल, तर स्पष्ट नाही म्हणा. ती अर्थिंगची तार सैल झाली की फ्रीजच्या पत्र्यावर थेट वीज येते.