मिग-21 की मिग-27? ओझरची दोन विमानं ओळखायची कशी

नाशिककडे लढाऊ विमान दिसलं की ते 'मिग'च असतं. जानोरीच्या द्राक्षबागांवरून सुखोई गडगडत गेलं तरी बांधावरचा माणूस मान वर करून 'मिग चाललं' असंच म्हणणार. त्याचं काही चुकत नाही. कारखाना मिगचा, वसाहत 'ओझर मिग', आणि तिथे नोकरीला असलेला माणूस 'मिगमध्ये'. सुखोई ओळखणं तसं सोपं आहे, दोन इंजिनं आणि मागे दोन उभी शेपटं. खरा घोळ होतो जुन्या फोटोंत आणि चौथऱ्यावर उभ्या केलेल्या विमानांत, मिग-21 आणि मिग-27 यांच्यामध्ये. दोन्ही ओझरलाच बनली, दोन्ही एका इंजिनाची, एकाच वैमानिकाची, आणि आता दोन्ही हवाई दलातून निवृत्त. त्यात आकडा पुढचा, म्हणून 27 म्हणजे 21 चीच सुधारलेली आवृत्ती असं कित्येकजण धरून चालतात. तसं अजिबात नाही. 27 चा पूर्वज मिग-23. 21 चं घराणं वेगळं.

आधी तोंड बघा. मिग-21 ला पुढे सरळ गोल तोंड आहे आणि इंजिनाला लागणारी हवा तिथूनच आत जाते. तोंडाच्या मधोमध एक टोकदार शंकू दिसतो. तो शोभेचा नाही. वेग वाढला की तो पुढे सरकतो आणि आवाजापेक्षा जास्त वेगाने येणारी हवा इंजिनापर्यंत पोचण्याआधी मंदावते. रडारही त्याच शंकूच्या पोटात. त्यामुळे मोठं रडार बसवायचं म्हटलं तर जागाच नाही, आणि ही अडचण या विमानाला शेवटपर्यंत पुरली.

मिग-27 मध्ये हवा कॉकपिटच्या दोन्ही बाजूंनी आत जाते, त्यामुळे नाक मोकळं. ते चपटं आणि पुढे उतरतं आहे, बदकाच्या चोचीसारखं. त्यात रडार नाहीच, जमिनीवरच्या लक्ष्याचं अंतर मोजणारी लेसर यंत्रणा आहे. नाक उतरतं ठेवलं ते वैमानिकाला पुढची खालची जमीन नीट दिसावी म्हणून. इथेच दोघांची कामं कळतात. 21 घडवलं ते झपाट्याने उंच चढून शत्रूच्या विमानाला गाठायला. 27 घडवलं ते खालून उडत जमिनीवर मारा करायला. 27 च्या पोटाखाली सहा नळ्यांची 30 मिलिमीटरची तोफ असते. ती सुरू झाली की हादऱ्याने विमानाचे स्वतःचेच लँडिंगचे दिवे फुटायचे, अशी तिची ख्याती.

अर्थात ही वाटणी कागदावरची. 14 डिसेंबर 1971 ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेट्स टाकली ती मिग-21 नीच. कारगिलमध्ये तर दोन्ही विमानं एकाच दिवसाच्या बातमीत आली. 27 मे 1999 ला फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-27 चं इंजिन बंद पडलं आणि त्यांना उडी घ्यावी लागली. त्यांचा शोध घेताना स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचं मिग-21 क्षेपणास्त्राने पाडलं. नचिकेता पाकिस्तानच्या कैदेतून परतले, आहुजा नाही. आजही गप्पांत या दोन विमानांची अदलाबदल होते, आणि ती मला खटकते.

आता पंख. मिग-21 चे पंख त्रिकोणी आणि पक्के. मिग-27 चे पंख उडतानाच मागे-पुढे होतात. त्यांच्या तीन जागा ठरलेल्या: 16, 45 आणि 72 अंश. पूर्ण उघडले की एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे 14 मीटर, मागे घेतले की आठ मीटरच्याही आत. 21 चा पसारा सात मीटरच्या थोडा वर. म्हणजे पंख मागे घेऊन वेगात जाणारं 27 खालून पाहिलं तर जवळपास 21 एवढंच रुंद दिसणार, आणि फसायला होतं ते तिथेच. अशा वेळी पंख आणि शेपटीचे आडवे पंख यांच्यामधली जागा बघायची. 21 मध्ये ती फट स्पष्ट दिसते, 27 मध्ये जवळजवळ मिटून जाते. धावपट्टीवर उतरताना मात्र 27 पंख पसरूनच येतं, त्यामुळे ओझरच्या आसपास ज्यांनी ही विमानं खाली येताना पाहिली आहेत त्यांना शंका यायचं कारण नाही.

जुन्या फोटोच्या मागे साल लिहिलेलं असेल तर अर्धं काम झालं. ओझरला मिग-21 बनवणं 1987 मध्ये थांबलं. 27 तिथे ऐंशीच्या दशकात सुरू झालं, हवाई दलाने त्याला 'बहादूर' नाव दिलं, आणि अशी 165 बनली. गंमत म्हणजे धाकटं आधी गेलं. मिग-27 27 डिसेंबर 2019 ला जोधपूरला निवृत्त झालं, मिग-21 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला. 21 च्या काही विमानांना नवं रडार आणि क्षेपणास्त्रं देऊन 'बायसन' केलं, म्हणून ती इतकी टिकली. 'उडती शवपेटी' हे नाव 21 ला चिकटलं खरं, पण प्रशिक्षणासाठी हॉक विमानं 2008 मध्ये हवाई दलात येईपर्यंत कोवळी पोरं संथ विमानावरून थेट याच्यावर बसत होती, हे म्हणणारे सोयीस्कर विसरतात.

उडताना बघायचं म्हणाल तर भारतात आता दोन्ही नाहीत. हवाई दलाच्या व्हिंटेज ताफ्यात टायगर मॉथ, हार्वर्ड आणि 'परशुराम' नावाचं डकोटा आहे, पण ती सगळी पंख्याची. जेट नाही. तेव्हा चौथऱ्यावरच्यांवरच समाधान मानायचं. तिथे एक सापळा आहे, तेवढा सांभाळा. मिग-23 बीएनलाही तेच उतरतं नाक आणि तेच सरकते पंख. ते ओझरला बनलं नाही आणि 2009 मध्येच निवृत्त झालं. पाटीवर काय लिहिलंय ते वाचून मग 27 म्हणा.