जुन्या गाडीला नवं इनटेक मॅनिफोल्ड बसवताय? आरटीओची परवानगी कधी लागते, कागद कोणते लागतात

मे महिन्यात परभणीहून जिंतूरकडे कार्ब्युरेटरवाली जुनी मारुती 800 ज्यांनी नेली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. इंजिनाजवळच्या नळीतच पेट्रोलची वाफ होते, पंप नुसती वाफ ओढत राहतो आणि गाडी भर उन्हात उभी राहते. मग पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि लिंबाखाली बसून ती थंड व्हायची वाट बघायची. म्हणून बरेच जण एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीचं इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा संच, इंजेक्टर आणि टाकीतला पंप आपल्या जुन्या इंजिनाला बसवायचं मनावर घेतात. टाकीतला पंप पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो, त्यामुळे वाफेचा त्रास बराच कमी होतो. काम करण्यासारखं आहे, पण पाना हातात घेण्याआधी कागदांचं बघा.

मोटार वाहन कायदा 1988 मधलं कलम 52 इथे लागू होतं. आरसीत नोंदवलेला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन नंबर, चेसीस नंबर, सीसी, इंधन, बॉडीचा प्रकार, रंग, सीटची संख्या हे सगळं आरसीशी जोडलेलं असतं. मॅनिफोल्डचा उल्लेख त्यात कुठेच नसतो. इंजिन तेच, सीसी तेच आणि इंधन पेट्रोलच राहणार असेल तर आरसीत बदलायला काही उरत नाही. तरीही मी काम सुरू करण्याआधी कार्यालयात साधा लेखी अर्ज देऊन पोच घेतो आणि तुम्हीही घ्यावी, कारण 9 जानेवारी 2019 रोजी केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मूळ रचनेत फेरफार करण्याबाबत कडक भूमिका घेतली आहे. बेकायदा बदलाला कलम 182अ खाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

परदेशात माझदा आरएक्स-7 या जपानी स्पोर्ट्स कारचे शौकीन 1986 ते 88 च्या रोटरी इंजिनावर 1989 नंतरचं मॅनिफोल्ड चढवतात. त्या 13बी इंजिनात पिस्टनऐवजी फिरणारे 654 सीसीचे दोन रोटर असतात, म्हणजे एकूण 1,308 सीसी. मॅनिफोल्ड बदलल्याने हवा जाण्याची वाट बदलते, सीसी तेवढंच राहतं. आपल्या 796 सीसीच्या इंजिनालाही हेच लागू आहे.

खरी अडचण गॅरेजमध्ये सुरू होते. नवं गॅस्केट, म्हणजे जोडातून हवा गळू न देणारी पातळ पट्टी, जुन्या हेडवर (इंजिनाच्या वरच्या भागावर) धरून बघा. जुन्या गॅस्केटची काजळीची कडा आणि नव्याची भोकं एकमेकांवर बसत नसतील तर मिस्त्री लगेच म्हणतो, "हेड बदलू. नाहीतर असं करा ना, भंगारातून पूर्ण इंजिनच आणू, स्वस्तात पडतं." इथेच हो म्हणू नका. इंजिन नंबर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर, कोरलेला असतो. ब्लॉक बदलला की नंबर बदलला, आणि तुमचं काम साध्या दुरुस्तीतून निघून परवानगीच्या कक्षेत गेलं.

माझ्या 1996 च्या गाडीचं हेच झालं. मिस्त्रीने पूर्ण इंजिन बसवलं आणि मी गाफील राहिलो. पुनर्नोंदणीच्या वेळी निरीक्षकांनी कागदावर पेन्सिल घासून नंबरचा ठसा घेतला. करड्या रेघांतून एकेक आकडा उमटला आणि आरसीशी ताडताना तिसऱ्याच आकड्यावर त्यांचं बोट थांबलं. गाडी परत आणावी लागली. इंजिन कुठून आणलं, हे सिद्ध करण्यात पुढचे दोन महिने गेले, कारण विकणाऱ्याने बिलाऐवजी साधी चिठ्ठी दिली होती.

इंजिन बदलायचंच असेल तर आधी परवानगी घ्या. अर्ज नोंदणीकृत मालकानेच करायचा. गाडी अजून आधीच्या मालकाच्या नावावर असेल तर अगोदर नाव हस्तांतर करून घ्या. पत्ता बदलला असेल तर तोही आधी, कायद्याने त्याला 30 दिवसांची मुदत आहे. बँकेचा बोजा असेल तर बँकेची लेखी संमती हवी. चलन किंवा कर थकलेला नको. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरपाटी बसवलेली असावी, नाहीतर अर्ज अडतो.

मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि इंजिनाचं जीएसटी बिल एका फाईलमध्ये ठेवा. बिलावर इंजिन नंबर छापलेला किंवा लिहिलेला असलाच पाहिजे, "जुने इंजिन एक नग" एवढ्यावर भागत नाही. इंजिन वापरलेलं असेल तर ज्या गाडीतून ते काढलं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा. तो नंबर चोरीच्या गाडीचा नाही ना, हे पोलिसांकडून तपासून घ्या. विकणारा टाळाटाळ करत असेल तर दुसरीकडे बघा. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर महाराष्ट्र निवडून गाडीचा नंबर आणि चेसीस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकले की ओटीपी येतो. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडला असेल तर तो आधी बदलून घ्या. वाहनातील बदलाची सेवा निवडा, कागद अपलोड करा, फी भरा आणि ठरलेल्या दिवशी गाडी घेऊन जा. पाटीवर एमएच-22 असेल तर परभणी, 26 असेल तर नांदेड, 24 लातूर, 20 छत्रपती संभाजीनगर. बीड जिल्ह्यात मात्र 23 म्हणजे बीड आणि 44 म्हणजे अंबाजोगाई, हे लक्षात ठेवा. बदल झाल्यावर 14 दिवसांत कळवून आरसीत नोंद करून घ्यायची असते.

गाडीची 15 वर्षं संपत आली असतील तर पुनर्नोंदणीचा नमुना 25 मुदत संपण्याआधीच्या 60 दिवसांत भरता येतो. 20 वर्षांवरच्या कारला ऑगस्ट 2025 पासून ही फी 10,000 रुपये झाली आहे, पर्यावरण कर वेगळा. एवढा खर्च करायचाच आहे, तर इंजिनाची नोंद त्याआधीच उरकून घ्या.

पीयूसीबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. एमपीएफआय बसवलं म्हणून नव्या गाडीची मर्यादा लागत नाही. मर्यादा गाडीच्या उत्पादनकाळावर ठरते. भारत स्टेज 2 या प्रदूषण मानकापूर्वीच्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइड 3 टक्के आणि हायड्रोकार्बन 1,500 पीपीएमपर्यंत चालतं. मॅनिफोल्डचं गॅस्केट कुठे हवा ओढत असेल तर हे आकडे बिघडतात, म्हणून आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) नीट बसवूनच पीयूसीला जा.

नवी आरसी हातात आली की तिची प्रत विमा कंपनीला पाठवा आणि पॉलिसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्या. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर तोच नंबर आधी बघतो.