दोन चेंडूंच्या मधले बोलणे : बेसबॉलप्रेमींच्या अवांतर गप्पांची पार्श्वभूमी

न्यूयॉर्क यांकीज संघाचे एकेकाळचे खेळाडू फिल रिझुटो १९५७ ते १९९६ अशी चाळीस वर्षे त्याच संघाच्या सामन्यांचे समालोचन करीत होते. समालोचकापुढे नोंदींची वही असते आणि प्रत्येक फलंदाजाचे काय झाले हे त्याने ठरावीक खुणांनी त्या वहीच्या चौकटींत लिहायचे असते. रिझुटो यांच्या वहीत काही चौकटींत 'डब्ल्यू डब्ल्यू' अशी अक्षरे दिसत. बेसबॉलच्या कोणत्याही नियमपुस्तकात नसलेल्या या खुणेचा अर्थ होता, 'लक्ष नव्हते'. लक्ष कुठे असे, हे श्रोत्यांना पाठ झालेले होते : कुणाचा तरी वाढदिवस, कुणीतरी कक्षात पाठवलेली कनोली ही इटालियन मिठाई, आणि न्यू जर्सीतल्या घरी जाताना जॉर्ज वॉशिंग्टन पुलावर लागणारी गाड्यांची रांग. ही रांग चुकवण्यासाठी ते सामना संपण्याआधीच निघून जात, आणि तेही श्रोत्यांना माहीत असे. तरीही लोकांनी त्यांना चाळीस वर्षे ऐकले, कारण घरी आणि प्रेक्षागृहात बसलेले चाहतेही अगदी असेच बोलत होते.

बेसबॉलच्या चाहत्यांमधले अवांतर बोलणे हा खेळाला चिकटलेला दोष आहे असे काही जण मानतात. मला ते पटत नाही. हे बोलणे खेळाच्या घडणीतूनच आले आहे आणि त्याचा इतिहास खेळाच्या इतिहासाइतकाच जुना आहे. बेसबॉलचा सामना वेळेने बांधलेला नाही. साधारणपणे प्रत्येक बाजू २७ वेळा बाद होईपर्यंत तो चालतो. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा चेंडू हातात फिरवतो, फलंदाजामागे बसलेल्या कॅचरची खूण पाहतो, मान हलवून नकार देतो, दुसरी खूण मागतो. फलंदाज चौकटीबाहेर येऊन हातमोजे आवळतो. तीन तास चाललेल्या सामन्यातला चेंडू आणि खेळाडू खरोखर हलत असण्याचा वेळ मोजला गेला आहे, आणि तो साधारण १८ मिनिटे भरतो. उरलेला वेळ प्रेक्षकाच्या पदरात पडतो. कसोटी क्रिकेट पाहत मोठे झालेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच, की कसोटीत जेवणाची आणि चहाची सुट्टी जाहीर होते, बेसबॉलमध्ये ती चिल्लरीत मिळते.

त्यात भर पडते ती सामन्यांच्या संख्येची. १९०४ पासून मोठ्या लीगांच्या, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवरच्या स्पर्धांच्या, हंगामात प्रत्येक संघ १५४ सामने खेळू लागला, आणि १९६१-६२ मध्ये हा आकडा १६२ वर गेला. अमेरिकन फुटबॉलचा सामना आठवड्यातून एकदा येतो आणि सणासारखा साजरा होतो. बेसबॉल एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज असतो. रोज भेटणाऱ्या माणसांशी कोणी एकाच विषयावर बोलत नाही. जुलैतल्या एखाद्या मंगळवारी सतराव्या पराभवावर काय बोलायचे, हा प्रश्न पडला की मुलीचे लग्न, गळणारे छप्पर, बदललेली नोकरी आणि गुडघेदुखी हे विषय आपोआप पुढे येतात.

पैसे देऊन सामना पाहण्याची सुरुवात १८५८ मध्ये झाली. न्यूयॉर्कजवळच्या फॅशन रेस कोर्स या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर न्यूयॉर्क आणि ब्रुकलिनच्या निवडक खेळाडूंच्या लढती झाल्या आणि प्रवेशासाठी पैसे आकारले गेले. तिकीट आले, कुंपण आले, आणि कुंपणाच्या आत तीन तास शेजारी बसणारी अनोळखी माणसे आली. उघड्यावरच्या लाकडी फळ्यांवर बसणाऱ्यांची जागा सर्वांत स्वस्त असे. उन्हाने रंग उडालेल्या त्या फळ्यांवरूनच 'ब्लीचर्स' हा शब्द रूढ झाला. १८८२ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन असोसिएशन या लीगने २५ सेंटांचे तिकीट, मैदानात बिअर आणि रविवारचे सामने या तिन्ही गोष्टींना परवानगी दिली. त्यामुळे आधीच्या नॅशनल लीगच्या ५० सेंटांच्या प्रेक्षागृहात न परवडणारा कामगार वर्ग, विशेषतः जर्मन आणि आयरिश स्थलांतरित, मैदानात आला. त्याने आपल्या दारूच्या गुत्त्यातली भाषा, चेष्टा आणि राजकारण सोबत आणले. प्रतिष्ठित मंडळींनी या लीगला हिणवून 'बिअर आणि व्हिस्की लीग' म्हटले. रविवारचा खेळ मात्र अनेक राज्यांत कायद्याने बंद होता. न्यूयॉर्कमध्ये १९१९ मध्ये आणि पेनसिल्व्हेनियात तर १९३४ च्या हंगामात तो खुला झाला. तोवर तिथल्या सहा दिवस राबणाऱ्या माणसाला मैदानावरच्या गप्पा दुर्मिळच होत्या.

या गप्पांत सगळे जण सारखे सामील होते असे चित्र रंगवणे खोटे ठरेल. सेंट लुईसच्या स्पोर्ट्समन्स पार्कमध्ये कृष्णवर्णीय प्रेक्षकांना १९४४ पर्यंत वेगळे बसावे लागे. त्यांची स्वतःची बेसबॉल-संस्कृती १९२० मध्ये कॅन्सस सिटीत स्थापन झालेल्या निग्रो नॅशनल लीगभोवती उभी राहिली. रविवारी चर्चमधून ठेवणीतल्या कपड्यांतच थेट मैदानावर जायचे, तिथे नातेवाईक, गावकरी आणि दक्षिणेतून नव्याने आलेले पाहुणे भेटायचे, कुठे खोली मिळते आणि कुठे काम मिळते याची चौकशी करायची, हे त्या रविवारांचे स्वरूप होते. मोठ्या शहरांत नुकत्याच आलेल्या माणसाला सामन्याइतकीच त्या चौकशीचीही गरज होती. आठवडाभर हीच चर्चा न्हाव्याच्या दुकानात चाले.

हिवाळ्यात खेळ बंद पडतो, बोलणे बंद पडत नाही. त्या बोलण्याला अमेरिकेत एक नावच आहे : 'हॉट स्टोव्ह लीग'. एकोणिसाव्या शतकातल्या लहान गावातले जनरल स्टोअर म्हणजे किराणा, खिळे, कापड, बियाणे आणि बऱ्याचदा टपालही एकाच छपराखाली असलेले दुकान. मधोमध पोटाळ लोखंडी शेगडी, तिच्याभोवती उलटी खोकी आणि बिस्किटांचे पिंप. शेतीची कामे थांबलेली, बाहेर बर्फ, टपाल यायला अवकाश. अशा वेळी जमलेली मंडळी मागच्या हंगामातला एखादा झेल पुन्हा पुन्हा झेलत, पुढच्या वर्षीचा संघ बांधत, आणि मधूनमधून गव्हाचा भाव, निवडणूक आणि शेजाऱ्याची आजारी गाय यांवर येत. पुण्यातल्या कट्ट्यावर किंवा कोकणातल्या पारावर बसलेल्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल. १८८३ मध्ये फिलाडेल्फियातून 'स्पोर्टिंग लाइफ' आणि १८८६ मध्ये सेंट लुईसमधून 'स्पोर्टिंग न्यूज' ही साप्ताहिके निघू लागली. हिवाळ्यात सामन्यांची बातमी नसतानाही पाने तर भरायची होती, त्यामुळे शेगडीभोवतीच्या गप्पा छापील रूपात आल्या. शेगड्या केव्हाच गेल्या, नाव राहिले. इतकेच नव्हे, तर ते समुद्र ओलांडून जपान आणि कोरियातही गेले. तिथल्या वृत्तपत्रांत हंगामाबाहेरच्या घडामोडींना आजही 'स्टोव्ह लीग' म्हणतात.

नभोवाणीने या बोलण्याला नवा साथीदार दिला. ५ ऑगस्ट १९२१ रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून मोठ्या लीगचा सामना पहिल्यांदा प्रसारित झाला. क्लबांच्या मालकांना मात्र धास्ती होती, की घरी बसून ऐकायला मिळाले तर तिकीट कोण काढणार? न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी १९३४ ते १९३८ अशी पाच वर्षे आपसांत करार करून प्रसारण बंदच ठेवले. १९३९ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने तो मोडला आणि रेड बार्बर यांना समालोचनासाठी आणले. दक्षिणेकडच्या ढंगात, परसातल्या गोष्टी सांगाव्यात तसे ते बोलत. बोलता बोलता आपण वाहवत जातो आणि नुकताच रेडिओ लावलेल्या श्रोत्याला धावसंख्या कळतच नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून त्यांनी समोर अंडी उकडताना वापरायचे तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ ठेवले. वाळू खाली आली की धावसंख्या सांगायची आणि घड्याळ उलटे करायचे. अवांतर बोलण्यावर बंदी न घालता त्याला वेसण घालण्याची याहून साधी युक्ती मला माहीत नाही. चाहत्यांच्या गप्पाही याच चालीने चालतात : मुलाच्या शाळेची हकिकत कितीही रंगो, दर थोड्या वेळाने कुणीतरी विचारतोच, 'किती झाले?'

त्याच काळात आयोवातल्या डे मोइन शहरात एक तरुण निवेदक शिकागो कब्ज या संघाचे सामने न पाहताच सांगत असे. तारेवरून आलेल्या दोन शब्दांच्या मजकुरावरून तो पूर्ण दृश्य उभे करी. एकदा तारच बंद पडली, तेव्हा त्याने फलंदाजाकडून कित्येक मिनिटे एकामागून एक फाऊल, म्हणजे रेषेबाहेर जाणारे फटके, मारून घेतले आणि तो वेळ काढून नेला. हा निवेदक म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन. रिकामी जागा बोलून भरण्याची कला बेसबॉलने कुणाकुणाला शिकवली, त्याचा हा एक नमुना.

बार्बर यांच्या हाताखाली तयार झालेले विन स्कली १९५० ते २०१६ असे ६७ हंगाम डॉजर्सचे समालोचक राहिले. १९५८ मध्ये संघ ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेला आणि सुरुवातीची चार वर्षे कोलिझियम या नव्वद हजारांहून अधिक आसनांच्या क्रीडांगणात खेळला. मागच्या रांगांतून खेळाडू मुंगीएवढे दिसत, म्हणून प्रेक्षक ट्रान्झिस्टर घेऊन येऊ लागले. डोळ्यांसमोर सामना आणि कानाशी त्याचेच वर्णन, अशी विलक्षण सवय त्या शहराला लागली. १९६० मधल्या एका सामन्यात स्कली यांना समजले की पंच फ्रँक सेकोरी यांचा आज वाढदिवस आहे. त्यांनी श्रोत्यांना सांगितले, 'मी तीन म्हणताच सगळ्यांनी मिळून शुभेच्छा द्या.' तीन म्हणताच सगळे प्रेक्षागृह ओरडले, 'हॅपी बर्थडे, फ्रँक!' मैदानावर उभ्या असलेल्या पंचांना कळेना, की इतक्या माणसांना हे कोणी सांगितले. पंचाला शिव्या घालायला आलेली हजारो माणसे एका सुरात त्याचे अभीष्टचिंतन करतात, ही गोष्ट सामन्याच्या नोंदवहीत कोणत्या खुणेने लिहिणार?

पुढच्या बदलाचे मूळ मैदानाबाहेर आहे. १८७९ पासून चालत आलेल्या राखीव कलमामुळे खेळाडू एकाच क्लबला जखडलेला असे. डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या बाजूने निवाडा दिला आणि करार संपलेला खेळाडू मोकळा झाला. हिवाळी गप्पांत यामुळे रक्कम, वर्षे आणि दलाल यांची गर्दी झाली. माझ्या मते हिवाळ्यातले बोलणे तेव्हापासून कमी अवांतर आणि जास्त हिशेबी झाले. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या ला रोटिसरी फ्रान्सेज या उपाहारगृहात जेवायला जमणाऱ्या मित्रांनी खऱ्या खेळाडूंच्या आकडेवारीवर आपले काल्पनिक संघ चालवण्याचा खेळ काढला. त्या उपाहारगृहावरूनच त्याला 'रोटिसरी बेसबॉल' हे नाव पडले. टेबलावरच्या रिकामटेकड्या गप्पांना नियम आणि गुणतक्ता मिळाला. १ जुलै १९८७ रोजी न्यूयॉर्कमध्ये चोवीस तास केवळ क्रीडाविषयक बोलणारे डब्ल्यूएफएएन हे केंद्र सुरू झाले आणि 'ऐकतो कधीचा, फोन मात्र पहिल्यांदाच करतोय' ही सुरुवात फोन करणाऱ्यांच्या तोंडी रुळली. रात्री दोन वाजता फोन करणारा माणूस पिचरबद्दल बोलायला येई आणि बरेचदा आपल्या कामाच्या पाळीबद्दल, झोपेबद्दल, वडिलांबद्दल बोलून जाई.

खाण्याचा विषय सर्व काळांत कायम राहिला आहे. शिकागोत हॉट डॉगवर केचप घालणे हा जवळजवळ गुन्हा मानला जातो, आणि हॉट डॉगला सँडविच म्हणावे की नाही या वादात २०१५ मध्ये अमेरिकेतल्या हॉट डॉग उत्पादकांच्या परिषदेने 'नाही' असा अधिकृत निर्णय दिला. वाद अर्थातच मिटला नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये जुनी शेगडी पुन्हा पेटली. शोहेई ओतानी हे जपानी खेळाडू कोणत्या संघात जाणार, या प्रतीक्षेत ८ तारखेला हजारो चाहत्यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातून टोरांटोकडे निघालेल्या एका खासगी विमानाचा मार्ग नकाशावर तासन्‌तास पाहिला. विमानाची उंची, वारा, टोरांटोतली घरभाडी, कॅनडातला प्राप्तिकर यांवर बोलून झाले. विमान उतरले आणि त्यातून रॉबर्ट हर्जावेक हे कॅनेडियन उद्योजक आपल्या कुटुंबासह बाहेर आले. दुसऱ्या दिवशी ओतानी यांनी डॉजर्सची निवड जाहीर केली : दहा वर्षे, ७० कोटी डॉलर.

त्याच वर्षाच्या हंगामात मोठ्या लीगांत चेंडूफेकीचे घड्याळ आले होते. तळावर धावक नसताना १५ सेकंद आणि धावक असताना त्या वर्षी २० सेकंद, एवढ्यात पिचरने चेंडू टाकायला सुरुवात करायची. २०२१ मध्ये सरासरी ३ तास १० मिनिटे चालणारा सामना २ तास ४० मिनिटांवर आला. नऊपैकी सातव्या डावानंतर बिअरची विक्री थांबवण्याची जुनी पद्धत होती. सामना लवकर संपू लागल्याने काही क्लबांनी ती आठव्या डावापर्यंत वाढवली. आता शेजाऱ्याला 'काय, भाऊ बरा आहे का?' एवढे विचारून होते, तोवर पुढचा चेंडू पडलेला असतो. उत्तर पुढच्या दोन-तीन चेंडूंच्या मध्ये तुकड्यातुकड्यांनी ऐकावे लागते.