शालेय विनोदी बालकादंबरी

साधारण सात ते अकरा वर्षांच्या, आपले आपण वाचू लागलेल्या मुलांसाठी लिहिलेले छोट्या प्रकरणांचे विनोदी पुस्तक. चित्रपुस्तके सुटलेली असतात आणि जाडजूड कादंबरी अजून झेपत नाही, त्या मधल्या दोन-तीन वर्षांचा हा खुराक. संकटे हरवलेली वही, राहिलेला गृहपाठ, फुटलेली काच एवढ्याच मापाची. त्यांतून सोडवायला मित्र धावतात आणि बहुतेक वेळा घोळ वाढवून ठेवतात.

मजकूर आठ ते पंधरा हजार शब्दांचा, प्रकरणे आठ ते बारा. एक प्रकरण हजार-बाराशे शब्दांचे असले की रात्री झोपण्याआधी एका बैठकीत संपते. अक्षर १४ ते १६ पॉइंटांचे लागते. शिवाय मराठीत ओळींमधली जागा सढळ ठेवावी लागते, कारण वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडला की नव्या वाचकाची ओळ चुकते. दहा हजार शब्द आणि दर तीन-चार पानांमागे एक चित्र धरले तर पुस्तक ८० पानांत, म्हणजे सोळा पानी पाच फर्म्यांत (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा संच म्हणजे फर्मा) बसते. मांडणीत हमखास होणारी चूक चित्राच्या जागेची. मूल पान उघडताच आधी चित्र पाहते. गमतीचा उलगडा करणारे चित्र समोरच्याच पानावर असेल तर मजकूर वाचायच्या आत गंमत फुटते. म्हणून प्रसंग उजव्या पानाच्या तळाशी आणून सोडतात आणि चित्र पान उलटल्यावर देतात.

विनोदाचा कच्चा माल म्हणजे शाळेचे नियम. हजेरी क्रमांक, बाकावरची ठरलेली जागा, परिपाठ, वही तपासणी हे सारे जितके काटेकोर, तितकी मुलाच्या तर्काला त्यात फट सापडते. समजा, मित्राची १५ सेंटिमीटरची पट्टी नायकाच्या हातून सातच्या खुणेवर मोडली. त्याने दोन तुकडे अर्धा सेंटिमीटर एकमेकांवर चढवून चिकटवले आणि पट्टी गुपचूप कंपासपेटीत ठेवली. भूमितीच्या तासाला ती रांगेत पाच जणांकडे फिरली. पाचही वह्यांत ५ सेंमीची रेघ बरोबर, ८ सेंमीची मात्र साडेसात. बाईंनी कॉपीचा निष्कर्ष काढला, आणि त्यांच्या जागी कोणीही तोच काढला असता. आता नायकाने पट्टीचे खरे सांगितले तर मित्र दुखावतो, गप्प राहिला तर पाच जण अडकतात. या प्रसंगात कोणी मूर्ख नाही, कोणी दुष्टही नाही. प्रत्येकाचे आपापल्या जागी बरोबर आहे. या प्रकारातला टिकाऊ विनोद असाच बांधलेला असतो. बाईंना वेंधळे करून मिळणारे हसू दुसऱ्या वाचनात उरत नाही.

नियम बदलले की विनोदही शिळा होतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेवर बंदी आणली. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यामुळे छडी, अंगठे धरून उभे राहणे, कोंबडा करणे यांवर उभे असलेले प्रसंग आज एक तर जुन्या काळात ठेवावे लागतात, नाही तर कायद्याचा भंग ठरतात. त्याच कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबवले होते. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीपुरती राज्यांना मोकळीक दिली. म्हणजे तिसरीतला नायक नापास होण्याच्या भीतीने थरथरत असेल तर लेखक स्वतःच्या लहानपणच्या शाळेत बसून लिहितो आहे, हे वाचकाच्या आईलाही कळते. परदेशी निवासी शाळांतून उचललेल्या मध्यरात्रीच्या मेजवान्या आणि वसतिगृहातले लॉकर यांचेही तेच. दुपारी शाळा सुटल्यावर घरी जाणाऱ्या मुलांना मधल्या सुट्टीतला डबा पुरतो.

मैत्रीचे कथानक बहुधा कट्टीवर चालते. एका बाकावर तिघे, कडेच्या दोघांची कट्टी, आणि मधल्याने दिवसभर ‘तिला सांग, माझं खोडरबर दे’ असे निरोप हातभर अंतरावर पोहोचवायचे. निरोप्या कंटाळून शब्द बदलू लागला की प्रकरण आपोआप पुढे सरकते. बट्टी मात्र माफीच्या भाषणाने करू नये. एकाने डब्यातला अर्धा लाडू न बोलता सरकवला की काम होते.

पात्रे पाच-सहा पुरेत, आणि प्रत्येकाला एकच ठळक खोड. फ्रान्समध्ये लेखक गॉसिनी आणि चित्रकार साँपे यांनी छोट्या निकोला या शाळकरी मुलाच्या गोष्टी १९५९ पासून साप्ताहिक स्वरूपात दिल्या, त्यांत हाच हिशेब दिसतो : एक मित्र सतत खातो, दुसरा नाकावर गुद्दे मारतो, तिसऱ्याला चष्मा असल्यामुळे कोणी मारू शकत नाही. मराठीतही ‘किशोर’सारख्या मासिकातून (१९७१ पासून) गोष्ट सुटी वाचली जाते, तेव्हा प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे उभे राहिलेले बरे. खोड म्हणजे व्यंग नव्हे. जाडेपणा, तोतरेपणा, रंग यांवरचे हसू वर्गातल्या एखाद्या खऱ्या मुलाच्या अंगावर जाते. नावांतही खरी शाळा दिसावी : एका वर्गात दोन सायली असतात आणि हजेरीत त्या ‘सायली म.’ आणि ‘सायली क.’ होतात.

मराठी वाक्य क्रियापदावर संपते, ही विनोदाची अडचण आहे. ‘सरांच्या खुर्चीवर बेडूक बसलेला होता’ यात बेडूक मध्येच दडतो. ‘सरांच्या खुर्चीवर आधीच कोणीतरी बसलं होतं. बेडूक.’ असे तोडले की हसू शेवटी येते. हे कागदावर उमगत नाही, म्हणून हस्तलिखित तिसरी-चौथीच्या मुलाकडून मोठ्याने वाचून घेतात. लेखकाने स्वतः वाचू नये, तो आवाजाने विनोद सावरून घेतो. मूल अडखळले तिथे जोडाक्षरे किंवा लांब वाक्य तपासायचे; ऐकणारी मुले चुळबुळू लागली, तर त्याआधीचा परिच्छेद काढून टाकायचा.