परदेशी शाळांशी दोस्ती आणि एआय, हे आलं कुठून?

सध्या शाळांच्या इंटरनॅशनल एक्सचेंजमधे जिकडंतिकडं एआयच चाललंय, इकडची पोरं तिकडच्या पोरांशी व्हिडिओवर बोलतात, मिळून चॅटबॉटच्या चुका शोधतात वगैरे. लई जणांना वाटतं हे नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी आलं तेव्हापासूनचं आहे. पण यातले दोन्ही प्रकार जुनेत, फक्त बरीच वर्षं ते वेगवेगळेच चालले होते.

एक म्हणजे शाळा जोडणं. 1988 मधे, सोव्हिएत युनियन अजून होतं तेव्हा, न्यूयॉर्क आणि मॉस्कोकडच्या शाळा कॉम्प्युटर नि फोनच्या लाइनवरून जोडल्या आणि त्यातनंच पुढं आयअर्न हे देशोदेशीच्या शाळा जोडणारं नेटवर्क उभं राहिलं. 2005 ला युरोपात ई-ट्विनिंग आलं, म्हणजे तिकडच्या शाळांनी ऑनलाइन जोड्या जमवायच्या. आपल्याकडं एक्सचेंज म्हणलं की नवोदयवाल्यांना मायग्रेशन आठवणार, नववीतली काही पोरं वर्षभर हिंदी पट्ट्यातल्या नवोदयला आणि तिकडची इकडं. पण ते देशातल्या देशात. परदेश म्हणलं की विमान, व्हिसा आणि बापाचा खिसा, तिथंच विषय संपायचा.

दुसरं, मशीनकडून शिकणं. 1970 मधे हाइमे कार्बोनेल यांनी स्कॉलर नावाचा प्रोग्रॅम मांडला, तो दक्षिण अमेरिकेचा भूगोल शिकवायचा, आणि मजा म्हणजे नुसता प्रश्न विचारायचा नाही तर पोरानं उलटं विचारलं तरी उत्तर द्यायचा. पण अशा गोष्टी कितीतरी वर्षं विद्यापीठातच राहिल्या, झेडपीच्या शाळेपर्यंत कशाला येतायत.

या दोन्हींची गाठ पडली ती 2018-19 च्या सुमाराला. फिनलंडनं एआयचा फुकट ऑनलाइन कोर्स काढला, युनेस्कोनं बीजिंगमधे एआय आणि शिक्षणावर परिषद घेतली, सीबीएसईनं नववीला एआय ऐच्छिक विषय केला. आणि त्याच 2019 मधे आपल्या संभाजीनगरपासून 25 किलोमीटरवरच्या गाडीवाटच्या झेडपी शाळेत पोरांना विचारलं की कुठली परदेशी भाषा शिकायची, तर बहुतेकांनी जपानी सांगितली, का तर रोबोटिक्समधे इंटरेस्ट! मला तर सगळ्या परिषदांपेक्षा हे भारी वाटतं, कारण वरून जीआर आला म्हणून नाही, पोरांनीच ठरवलं. पुढं एका जाणकारानं ऑनलाइन फुकट शिकवलं. टाइमाचाही फार घोळ नाही, जपान आपल्या साडेतीन तास पुढं, इथं सकाळचे दहा म्हणजे तिकडं दुपारचे दीड. लाइट असली म्हणजे झालं.

2020 ला सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं आणि झेडपीची शाळा परदेशाशी जोडता येते हे सगळ्यांनाच कळलं. व्हिसाचा प्रश्न व्हिडिओ कॉलनं सुटला होता, भाषेचा मात्र तसाच होता, आणि इथं एआय नुसता चर्चेचा विषय न राहता मधला दुभाष्या झाला. 2022 ला सरकारनं एआयनं भाषांतर करणारं भाषिणी आणलं, त्यात मराठी आहे.

पण एक अडचण अजून आहेच. युनेस्कोनं सप्टेंबर 2023 च्या मार्गदर्शनात वर्गात चॅटजीपीटीसारखी जनरेटिव्ह टूल्स वापरायला किमान वय 13 सुचवलंय, आणि आपल्या झेडपी शाळेतली बरीचशी पोरं त्याच्या आतलीच. म्हणजे तूर्त मोबाइल गुरुजींच्याच हातात, प्रश्न पोरांनी सांगायचा आणि टाइप गुरुजींनी करायचा.