कच्च्या मांसाची ‘जुनी’ पद्धत किती जुनी?

‘लांडग्याला कोण शिजवून घालतं?’ कुत्र्याला कच्चं मांस देणाऱ्यांचा हा ठरलेला सवाल. ऐकायला मुद्दा पुरातन वाटतो, पण त्याचं वय फार नाही. इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याचं पुस्तक १९९३ मध्ये आलं. कच्चं मांस आणि हाडं हाच कुत्र्याचा खरा आहार, हे त्याने त्यात मांडलं आणि तिथून ‘बार्फ’ (‘हाडं आणि कच्चं अन्न’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचं लघुरूप) हे नाव रूढ झालं.

त्याआधी पाळीव प्राणी काय खात होते? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या गल्ल्यांतून मांजरांसाठी मांस विकणारे फेरीवाले फिरत. माल असे मेलेल्या किंवा कामातून गेलेल्या घोड्यांचा. तुकडे काडीला टोचून ते दारोदार विकत. पण हे मांस आधी मोठमोठ्या हंड्यांत उकळलेलं असे! १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट या अमेरिकन माणसाने लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटं काढली, तीही भाजलेली. १९२० च्या दशकात घोड्याच्या मांसाचे डबे आले आणि १९५० च्या दशकात यंत्रातून उष्णता आणि दाबाखाली निघणारे कोरडे दाणे. आपल्याकडे कोंबडीवाल्याकडून आणलेल्या माना-पंजे भाताबरोबर कुकरमध्ये जातात, तीही शिजवण्याचीच रीत.

अपवाद होता तो अमेरिकेतल्या शर्यतीच्या ग्रेहाउंडांचा. माणसाला खायला अपात्र ठरलेल्या जनावरांचं कच्चं गोमांस त्यांना घालत. ते चुकून माणसांच्या ताटात जाऊ नये म्हणून त्यात कोळशाची पूड मिसळण्याची पद्धत होती. जुलाब लावणारा साल्मोनेला हा जंतू या कुत्र्यांच्या पाचवीलाच पुजलेला. या जंतूला नाव मिळालं तेही एका पशुवैद्याचं, डॅनियल साल्मन यांचं. १८८५ मध्ये तो त्यांच्या हाताखालच्या थिओबाल्ड स्मिथ यांना डुकरांत सापडला होता.

मग घरोघरचे लोक कच्च्याकडे वळले कसे? माझ्या मते पुस्तकापेक्षा २००७ सालाने जास्त काम केलं. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये प्रथिनं जास्त दिसावीत म्हणून मेलामाइन हे प्लास्टिकसाठी वापरलं जाणारं रसायन मिसळलेलं होतं. ते अमेरिकेतल्या खाद्यात गेलं, कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि मार्चपासून माल परत मागवावा लागला. कारखान्यावरचा विश्वास उडाला तो रास्तच होता. पण कारखान्याबरोबर लोकांनी शिजवणंही सोडलं, आणि जंतू मारत होतं ते शिजवणंच.

आकडे पुढे आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ च्या पाहणीत कच्च्या खाद्याचे १९६ नमुने तपासले. १५ मध्ये साल्मोनेला निघाला, ३२ मध्ये लिस्टेरिया हा दुसरा रोगजंतू. नेदरलँड्समध्ये गोठवलेल्या ३५ पाकिटांपैकी १९ मध्ये लिस्टेरिया होता. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. रात्री फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात पाकीट वितळायला ठेवलं, लाल पाणी खालच्या कोथिंबिरीवर ठिबकलं आणि सकाळी तीच कोथिंबीर कोशिंबिरीत गेली, की झालं.

कुत्रा मात्र बहुतेक वेळा ठणठणीत दिसतो. जंतू पोटात बाळगतो, विष्ठेतून सोडतो, त्याच तोंडाने मुलाचा गाल चाटतो. म्हणून धोका ओळखायला वेळ लागला. पशुवैद्याकडे जाणारा रुग्णच नव्हता. २०१७ मध्ये इंग्लंडमध्ये ई-कोलाय ओ१५७ या आतड्यांच्या घातक जंतूची लागण झालेले चौघे सापडले, त्यातला एक दगावला. तपासाचा माग कुत्र्यांच्या कच्च्या खाद्यापर्यंत गेला. पुढच्याच वर्षी तिथल्या पशुवैद्यांपुढे घराबाहेर पाऊलही न टाकणारी मांजरं क्षयाने आजारी पडून येऊ लागली. गुरांचा क्षय त्यांना कुठून झाला, याचा शोध घेताना सगळ्यांच्या वाडग्यात एकच समान गोष्ट दिसली: हरणाच्या कच्च्या मांसाचं तयार खाद्य. डिसेंबर २०१८ मध्ये ते बाजारातून मागे घेण्यात आलं.