मोबाइल हॅम रेडिओंची तुलना: रिसीव्हर आणि फीचर्स

मोबाइल रिग म्हणजे गाडीत बसवायचा, १३.८ व्होल्टवर चालणारा हॅम रेडिओ (हौशी लोकांचा बिनतारी संच). ढोबळमानाने दोन प्रकार आहेत, एक व्हीएचएफ-यूएचएफचे एफएम सेट म्हणजे २ मीटर आणि ७० सेंटीमीटर तरंगलांबीच्या बँडवाले, आणि दुसरे एचएफपासून (शॉर्टवेव्ह) वरपर्यंत सगळं करणारे, यासूचा एफटी-८५७डी किंवा आयकॉमचा आयसी-७१०० यांसारखे. दोन रिग शेजारी ठेवले की लोक आधी पॉवर बघतात, ५० वॉट की ७५ वॉट, पण पॉवर दीडपट झाली तरी समोरच्याकडे सिग्नल पावणेदोन डीबीच (डेसिबल, सिग्नलच्या कमी-जास्तीचं माप) वाढतो आणि तेवढं कानाला धड कळतही नाही. रोजच्या वापरात फरक जाणवतो तो रिसीव्हरचा.

रिसीव्हरच्या स्पेसिफिकेशनमध्ये पहिली ओळ सेन्सिटिव्हिटीची असते. एफएमला ती १२ डीबी सिनॅडसाठी किती मायक्रोव्होल्ट लागतात अशी देतात, म्हणजे १ किलोहर्ट्झचा टोन नॉइज आणि डिस्टॉर्शनच्या ढोबळमानाने १२ डीबी वर यायला अँटेना सॉकेटवर किती सिग्नल द्यावा लागतो ते. एका रिगचा आकडा ०.१६ आणि दुसऱ्याचा ०.२ असेल तर पहिला भारी वाटतो, पण हा फरक जेमतेम २ डीबी आहे आणि ७० सेंटीमीटरला ५ मीटर आरजी-५८ केबल जवळपास तेवढंच खाऊन टाकते. चांगल्या कंपन्यांचे एफएम मोबाइल या बाबतीत उन्नीस-बीसच आहेत, त्यामुळे या आकड्यावरून रिग निवडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी परीक्षा होते ती जोरदार सिग्नलांच्या गर्दीत. गाडी टॉवर असलेल्या टेकडीखाली आली की चॅनल रिकामं असतानाही स्क्वेल्च (सिग्नल नसताना स्पीकर बंद ठेवणारं सर्किट) फटकन उघडतो, खर्र्र आवाज, मध्येच कुणाचं तरी अर्धं वाक्य, दोनशे मीटर पुढे गेलं की परत शांत. याला इंटरमॉड म्हणतात. फ्रंट एंड (अँटेनालगतचा पहिला टप्पा) किंवा मिक्सर (सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलणारं सर्किट) ताणला गेला की रेडिओच्या आतच दोन सिग्नल मिसळून तिसरा तयार होतो, उदाहरणार्थ १४५.५०० आणि १४५.६०० मेगाहर्ट्झवर दोन तगडी स्टेशनं असतील तर पहिल्याची दुप्पट वजा दुसरा, म्हणजे १४५.४०० वर दोघांचं बोलणं कालवल्यासारखं ऐकू येतं आणि तिथे प्रत्यक्षात कुणीच नसतं. यात एक गोष्ट फार कामाची आहे, ती म्हणजे दोन्ही सिग्नल १ डीबीने वाढले की हा खोटा सिग्नल ३ डीबीने वाढतो आणि कमी होतानाही तसंच. म्हणून अँटेनाच्या लाइनमध्ये सिग्नल कमी करणारा १० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर घालून बघायचं (ट्रान्समिट अजिबात करायचं नाही, तो जळून जाईल). खरा सिग्नल १० डीबीनेच उतरतो, आत तयार झालेला ३० डीबीने उतरतो, म्हणजे बहुतेक वेळा गायबच होतो. दोन रिगची तुलना करायला याच्याइतकी स्वस्त आणि खात्रीची चाचणी दुसरी नाही.

आता हे का होतं? तर मोठं कारण म्हणजे वाइड रिसीव्ह. केनवूडचा टीएम-व्ही७१ ११८ पासून ५२४ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतो, विमानाचं बोलणंही लागतं, लोकांना ते आवडतं. पण जो रिसीव्हर एवढं सगळं ऐकतो त्याला पुढचे फिल्टर सैल ठेवावे लागतात किंवा व्हॅरॅक्टरने (व्होल्टेजने कपॅसिटन्स बदलणारा डायोड) ट्यून होत राहणारे ठेवावे लागतात, आणि हॅम बँडच्या बाहेरचे दणकट ट्रान्समीटर आत शिरायला वाट मिळते. यासूचा एफटी-२९०० सारखा फक्त २ मीटरचा सेट १३६ ते १७४ एवढंच ऐकतो, अशा सिंगल बँडर सेटचा फ्रंट एंड साधारणपणे गर्दीत जास्त टिकतो. शहरातून रोज जाणाऱ्याने फीचर्सच्या आधी याचा विचार करावा.

इमेज रिजेक्शन (मिक्सरमधून चुकून शिरणारी दुसरी फ्रिक्वेन्सी अडवणं) आणि अ‍ॅडजसंट चॅनल सिलेक्टिव्हिटी (शेजारचं चॅनल बाहेर ठेवणं) हेही आकडे असतात. दुसरा जास्त महत्त्वाचा, कारण १२.५ किलोहर्ट्झ अंतरावर स्टेशनं असताना रुंद फिल्टरवाल्या रिगमध्ये शेजाऱ्याची खरखर येतेच.

एचएफ मोबाइलचं गणित वेगळं आहे. तिथे २० किलोहर्ट्झ आणि २ किलोहर्ट्झ अंतरावरची डायनॅमिक रेंज बघतात, म्हणजे तेवढ्या अंतरावर जोरदार सिग्नल असताना कमकुवत सिग्नल कितपत ऐकू येतो ते, अमेरिकेतल्या एआरआरएल या हॅम संघटनेच्या लॅबची मापं क्यूएसटी मासिकात येतात आणि शेरवूड इंजिनिअरिंगची रिसीव्हरांची यादी तर २ किलोहर्ट्झच्या आकड्यावरच लावलेली असते. जुन्या छोट्या रिगमध्ये पहिला आयएफ (सिग्नल आधी ज्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणतात ती) ७० मेगाहर्ट्झच्या आसपास किंवा त्याच्याही वर, तिथला रूफिंग फिल्टर (मिक्सरनंतरचा पहिला फिल्टर) रुंद, त्यामुळे फ्रिक्वेन्सीने लांबचा जोरदार सिग्नल सहन होतो पण अगदी जवळचा आला की आकडा धाडकन पडतो. एफटी-८९१ मध्ये ३ किलोहर्ट्झचा रूफिंग फिल्टर दिलाय हे म्हणूनच महत्त्वाचं. तरी गाडीतली अँटेना तोकडी, खालच्या बँडना तिची एफिशियन्सी फारच कमी, मग रिसीव्हरवर तेवढा ताण येतच नाही, आणि त्यात इंजिनाचं इग्निशन, फ्युएल पंप, यूएसबी चार्जर यांचा नॉइज सगळ्यावर बसतो. अँटेना काढली की खरखर एकदम कमी होत असेल तर सेन्सिटिव्हिटी पुरेशी आहे असं समजावं. गाडीत मग नॉइज ब्लँकर (इग्निशनचे खटके कापणारं सर्किट) आणि डीएसपी (डिजिटल) नॉइज रिडक्शन किती चांगलं चालतं यावर जास्त अवलंबून असतं, आणि ते इंजिन चालू ठेवूनच तपासायचं, टेबलावर काही कळत नाही.

फीचर्समध्ये ड्युअल रिसीव्ह नीट समजून घ्यायला हवं. टीएम-व्ही७१ किंवा आयकॉमच्या आयसी-२७३० मध्ये खरोखर दोन रिसीव्हर आहेत, दोन्हीचा आवाज एकाच वेळी येतो. ड्युअल वॉचवाल्या सेटमध्ये रिसीव्हर एकच असतो, तो दुसऱ्या चॅनलवर अधूनमधून डोकावून येतो आणि तेवढ्यात इकडचा शब्द तुटतो. बाकी एपीआरएस (रेडिओवरून आपलं ठिकाण पाठवणं), डी-स्टार, सी४एफएम (डिजिटल आवाजाच्या पद्धती) हे ज्याच्या भागात चालतं त्याने घ्यावं. सीटीसीएसएस (बोलण्याखाली जाणारा हलका ओळखीचा टोन) मात्र रिसीव्हच्या बाजूला पण हवा, टोन स्क्वेल्च, म्हणजे तो टोन आला तरच स्पीकर उघडणं, लावला की इंटरमॉडचा बराचसा कचरा स्पीकरपर्यंत पोचत नाही. पण इंटरमॉड त्या वेळी खरा सिग्नल दाबत असेल तर टोन स्क्वेल्चने तो सिग्नल परत येत नाही, हेही लक्षात ठेवावं.

आणि आवाज. बऱ्याच सेटचा स्पीकर बॉडीवरच असतो, रिग सीटखाली बसवला की २ वॉट ऑडिओ कार्पेटमध्येच जिरतो आणि मग लोक म्हणतात रिसीव्हर दबका आहे. वेगळा स्पीकर डॅशबोर्डवर लावून मगच दोन रिगची तुलना करावी, व्हॉल्यूम आणि स्क्वेल्चला स्वतंत्र नॉब आहे का तेही त्याच वेळी बघून घ्यावं, कारण गाडी चालवताना मेन्यूत शिरून स्क्वेल्च वाढवणं जमत नाही.